नाशिकरोडच्या तुरुंगाची साक्ष

नाशिकरोड स्थानकावर उतरून गोदावरीच्या रोखाने, दसक-पंचकच्या बाजूला जो रस्ता जातो, त्याला लोक कित्येक वर्षे जेल रोड म्हणत आले आहेत. आणि त्याच्या दोन्ही अंगांना आता दुकाने, शाळा, मंगल कार्यालये व वसाहती यांची एवढी दाटी झाली आहे, की तेथील रहिवासी आपला पत्ता सांगताना त्या शब्दाचा अर्थ मनातही आणीत नाहीत, आणि गणेशोत्सव जवळ आला म्हणजे बंदिवानांच्या हातच्या मूर्ती घेण्यासाठी त्याच आवाराशी निःशंकपणे जातात. हे मध्यवर्ती कारागृह 1927 सालचे. त्याच नाशिकरोडला 1925 पासून टपालाची तिकिटे व मुद्रांक आणि 1928 पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत; म्हणजे राज्याची पत ज्या कागदांवर उमटते ते कागद आणि राज्याचा अंमल ज्या दगडांत दिसतो ते दगड, हे दोन्ही या गावाने एकाच पिढीत शेजारी शेजारी उभे राहिलेले पाहिले.

त्या भिंतीजवळून जाताना एक प्रश्न मला नेहमी अडवितो. मतपेटीतून जन्मलेले सरकार लोकशाही आहे की हुकूमशाही, हे ठरवावयाचे कसे? राज्यशास्त्राच्या ग्रंथांत या प्रश्नाची पुष्कळ उत्तरे आहेत, आणि अलीकडे तर जगातील देशांना गुण देऊन त्यांची प्रतवारी लावणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. त्यांच्या श्रमांविषयी मला आदर आहे. तथापि ज्या गावाने परकीय सरकारचे आणि आपणच निवडून दिलेल्या सरकारचे, असे दोन्ही अमदानींतले राजबंदी एकाच आवारात कोंडलेले पाहिले, त्या गावाजवळ स्वतःची एक कसोटी असली पाहिजे, आणि ती ग्रंथांतल्या कसोट्यांहून सोपी व अधिक निष्ठुर असली पाहिजे, असे मला वाटते. निवडणुकीवरून सरकारचे कूळ कळते. शील कळत नाही. शील कळावयाचे तर त्या सरकारने धरून नेलेल्या माणसाने 'मला येथे कोणत्या कारणास्तव आणले?' असे विचारल्यावर, ज्याने धरले त्याच्याखेरीज दुसरा कोणी अधिकारी त्या प्रश्नाचे उत्तर मागण्यास बांधलेला आहे की नाही, हे पाहावे लागते.

इंग्रजी अमलात या प्रश्नाचे उत्तर निदान स्पष्ट होते. मुंबई इलाख्यात 1827 चे पंचविसावे रेग्युलेशन अस्तित्वात होते, आणि त्याच्या आधाराने सरकारला कोणावरही खटला न भरता, आरोप न ठेवता, केवळ राज्याच्या सुरक्षिततेचे निमित्त सांगून त्याला अटकेत ठेवता येत असे. 1897 साली रँडच्या वधानंतर पुण्याच्या नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचलण्यात आले, आणि त्यांच्यावर अखेरपर्यंत एकही आरोप न्यायासनापुढे मांडण्यात आला नाही. परक्याची हुकूमत होती, तिने स्वतःला रयतेची प्रतिनिधी म्हणवून घेतले नव्हते, त्यामुळे या कृत्याला नाव देताना कोणाला अडखळावे लागले नाही. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांच्यावर व त्यांच्या साथीदारांवर रीतसर खटला चालला. पुरावा झाला, वकील उभे राहिले, शिक्षा झाली आणि 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. तो न्याय परक्याचा होता आणि कठोर होता, तरी त्यात प्रश्न विचारण्याची जागा होती. नातूंच्या बाबतीत ती जागाच नव्हती. एकाच सरकारच्या दप्तरात ही दोन प्रकरणे अशी शेजारी सापडतात, आणि त्यांच्यातला हा भेद पुढच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो.

सविनय कायदेभंगाच्या दुसऱ्या पर्वात, 1932 व 1933 या वर्षांत, नाशिकरोडच्या तुरुंगात जी माणसे एकत्र आली, तशी माणसे एका छपराखाली पुन्हा क्वचितच आली असतील. अमेरिकेत शिकून मार्क्सवादी होऊन परतलेले आणि मद्रासेत पकडले गेलेले जयप्रकाश नारायण तेथे होते. अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे होते. काँग्रेसच्या अंतर्गत समाजवादी विचारांचा स्वतंत्र पक्ष काढावा, ही कल्पना त्यांच्या तेथील चर्चांतून आकाराला आली, आणि मे 1934 मध्ये पाटण्यास, आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली, तिला प्रत्यक्ष रूप मिळाले. याच कारागृहात फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढले, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. परंतु त्याच भिंतींच्या आत त्या सुमारास देशाच्या राजकारणाचा एक सबंध प्रवाह उगम पावत होता, याचे स्मरण नाशिककरांनाही फारसे उरलेले नाही. नाशिकच्या वैभवाची यादी करताना आपण रामकुंड, काळाराम मंदिर आणि द्राक्षे यांच्यापाशी थांबतो, याचे मला मनापासून दुःख होते.

त्या तरुणांच्या मनावर तेव्हा रशियाची मोहिनी होती. दारिद्र्याचे मूळ खणून काढावयाचे असेल तर राज्यसत्ता बळकट हवी, आणि ती बळकट सत्ता श्रमिकांच्या हिताची असेल तर तिने मतस्वातंत्र्यासारख्या गोष्टी काही काळ बाजूस ठेवल्या तरी चालेल काय, हा प्रश्न त्या पिढीतल्या कोणत्याही प्रामाणिक समाजवाद्याला टाळता येत नव्हता. पुढे 1936 ते 1938 या काळातल्या मॉस्कोच्या खटल्यांनी मसानींचा भ्रम पुरता निरसला. ते पक्षातून बाहेर पडले आणि 1959 साली राजाजींच्या बरोबर स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेत सामील झाले. जयप्रकाश निराळ्या वाटेने, गांधी आणि विनोबा यांच्या सान्निध्यात, सर्वोदयाकडे वळले. नाशिकच्या बराकीत जवळजवळ बसलेले हे दोन मित्र चाळीस वर्षांनी राजकारणाच्या दोन टोकांना उभे होते. पण ज्या सत्तेला जाब विचारता येत नाही ती सत्ता कोणाच्याही हिताची राहत नाही, या एका निष्कर्षापाशी दोघेही स्वतंत्रपणे येऊन पोचले होते.

हे तरुण अटकेत असतानाच युरोपात जे घडले, ते आपल्या प्रश्नाशी अगदी निकट आहे. 30 जानेवारी 1933 रोजी हिटलर जर्मनीचा पंतप्रधान झाला तो सैन्य घेऊन बर्लिनवर चाल करून नव्हे. त्याचा पक्ष निवडणुकांत सर्वांत मोठा ठरला होता आणि राष्ट्राध्यक्षाने घटनेप्रमाणे त्याची नेमणूक केली होती. 28 फेब्रुवारीस, विधिमंडळाच्या इमारतीला लागलेल्या आगीचे निमित्त करून, एका फर्मानाने व्यक्तिस्वातंत्र्याची कलमे तहकूब झाली. 5 मार्चला निवडणूकही झाली. आणि 23 मार्चला त्याच विधिमंडळाने आपले कायदे करण्याचे अधिकार मंत्रिमंडळाच्या स्वाधीन केले. या क्रमात पहिला घाव मतपेटीवर पडलेला नाही. तो पडला कैद्याच्या प्रश्न विचारण्याच्या हक्कावर. मतपेटीचा नंबर त्याच्या मागून लागला. निवडणुकीकडेच डोळे लावून बसलेल्या निरीक्षकाला त्या फेब्रुवारीत काय हरवले, हे कदाचित कळलेही नसेल.

स्वराज्य आले, आणि 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटना अमलात आली. त्यानंतर महिना उलटण्याच्या आत, आपल्याच संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा मंजूर केला. वल्लभभाईंनी तो मांडताना, या विधेयकापायी आपल्याला रात्री झोपेविना काढाव्या लागल्या, असे सभागृहाला सांगितले. त्यांच्या प्रांजलपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कायदा एका वर्षापुरता होता, परंतु त्याची मुदत वाढत वाढत 1969 च्या अखेरीपर्यंत गेली. त्याच 1950 च्या सप्टेंबरात नाशिकला काँग्रेसचे अधिवेशन भरले. पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष होते, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, आणि त्या अधिवेशनात नेहरूंनी, जमावाच्या क्षुब्ध भावनेपुढे मान तुकविणे म्हणजे लोकशाही नव्हे, ही भूमिका पक्षातल्या बलिष्ठ विरोधाला न जुमानता मांडली व तसा ठराव संमत करून घेतला. त्या पुढाऱ्यांना हुकूमशहा म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. पण घर बांधतानाच त्यांनी एक चोरदरवाजा ठेवला, आणि त्याची किल्ली पुढे कोणाच्या हाती जाईल याची त्यांना कल्पना नव्हती, एवढे म्हटलेच पाहिजे.

ज्याला ही कल्पना होती तो पुरुष नाशिकला चांगला ओळखत होता. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांनी तो 1935 पर्यंत चालविला. देवळाच्या विश्वस्तांपासून मॅजिस्ट्रेटच्या मनाई हुकमांपर्यंत सर्व सत्ता एका बाजूस आणि मूठभर नव्हे, हजारो पण मताधिकारहीन माणसे दुसऱ्या बाजूस, असा तो संग्राम होता. गावातल्या स्पृश्य बहुमताने कौल दिला असता तर दरवाजे कायमचेच बंद राहिले असते. मला वाटते, बहुमत आणि लोकशाही यांत किती अंतर असू शकते याचा जो धडा या गावच्या देवळापुढे मिळाला, तोच 25 नोव्हेंबर 1949 च्या घटनासमितीतल्या भाषणात देशाला ऐकावयास मिळाला. कारण त्या भाषणात बाबासाहेबांनी, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला आहे, आणि तो देताना त्यांनी निवडणुका होणार नाहीत असे कोठेही गृहीत धरलेले नाही.

नाशिकचा लोकसभा मतदारसंघ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. 1957 साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, त्याने सत्ताधारी पक्षाला दूर सारून याच दादासाहेब गायकवाडांना दिल्लीस पाठविले. पुढे चिनी आक्रमणाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्यांना लोकसभेत यावयाचे होते, आणि याच नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिले. बिनविरोध निवडणूक म्हटली की कान टवकारावेत हे खरे. कारण जगातल्या पुष्कळ हुकूमशहांना नव्याण्णव टक्के मते मिळतात. परंतु नाशिकने चव्हाणांपुढे उमेदवार उभा केला नाही तो भयाने नव्हे, देशावरच्या संकटात दाखविलेल्या औदार्याने. आणि काही वर्षांपूर्वीच याच मतदारांनी सत्ताधाऱ्यांचा पराभव केलेला असल्यामुळे त्या औदार्याला किंमत होती. ज्याला नाही म्हणता येते त्याच्या होकारालाच अर्थ असतो. 

आता 1975 कडे वळतो. कारण हा सगळा प्रपंच त्यासाठीच आहे. 1971 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला लोकसभेत 352 जागा मिळाल्या होत्या, आणि त्या मतदारांनी राजीखुशीने दिल्या होत्या. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची स्वतःची निवडणूक रद्द ठरविली; 25 जूनच्या रात्री, अंतर्गत अशांततेच्या कारणाने, आणीबाणी पुकारण्यात आली; 27 जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने चौदावे, एकविसावे व बाविसावे ही कलमे न्यायालयात वापरण्याचा नागरिकांचा अधिकार तहकूब झाला. ज्या कायद्याने लोकांना स्थानबद्ध केले तो अंतर्गत सुरक्षा कायदा, लोकांच्या तोंडी 'मिसा' म्हणून रुळलेला, 1971 मध्ये संसदेनेच केला होता. आता त्यात दुरुस्ती करून, स्थानबद्धतेची कारणे स्थानबद्धाला सांगण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले, आणि दर चार महिन्यांनी फेरविचार करावयाचा तो ज्याने धरले त्या सरकारनेच, अशी तरतूद झाली. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत देशभर सुमारे 35 हजार माणसे या कायद्याखाली अटकेत पडली. नाशिकरोडच्या बराकी पुन्हा भरल्या. समाजवादी, जनसंघाचे, संघाचे, सर्वोदयाचे, ज्यांनी बाहेर एकमेकांचे पाणीही फारसे घेतले नसते असे लोक एका पंगतीस बसले, आणि गावोगावच्या घरांत मिसाबंदी हा नवा शब्द सासर-माहेर या शब्दांइतका नित्याचा झाला.

1932 चे ते नाशिकचे सोबती त्या वेळी कोठे होते? जयप्रकाशांना 26 जूनच्या पहाटे दिल्लीत अटक झाली. चंदीगडला स्थानबद्धतेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि नोव्हेंबरात सुटले तेव्हा ते मुंबईच्या इस्पितळात, यंत्राच्या आधाराने जगण्यासाठी आले. अशोक मेहताही पकडले गेले. एस. एम. बाहेर राहून विरोधकांना एकत्र आणण्यासाठी झटत होते. मसानींनी मात्र जे केले ते माझ्या दृष्टीने त्या काळातले एक फार मोठे कृत्य आहे, आणि त्याची कथा मराठीत पुरेशी सांगितली गेलेली नाही. त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकातला काही मजकूर सेन्सॉरने नाकारला. तेव्हा वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या नावाने शोक करीत न बसता ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि आणीबाणीचा हुकूम खरा मानून, त्या हुकमाच्या अक्षरांतच सेन्सॉरला एवढा अधिकार दिलेला आहे काय, असे विचारले. एकट्या न्यायाधीशापुढे ते जिंकले, सरकारने अपील केले, आणि 10 फेब्रुवारी 1976 रोजी न्यायमूर्ती मदन व कानिया यांच्या खंडपीठानेही, सर्व नियतकालिकांना एकाच सुरात बोलावयास लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे आणि सरकारवरची टीका म्हणजे राज्याला धोका नव्हे, असा निर्णय दिला. ज्या माणसाला वयाच्या पंचविशीच्या आसपास परक्या सरकारने नाशिकला डांबले होते, त्याने सत्तरीत आपल्या सरकारला असे विचारले, आणि त्याला उत्तर मिळाले. तोपर्यंत देशात लोकशाही जिवंत होती, असे मी म्हणतो. संसद निःशब्द होती, वर्तमानपत्रे दबली होती, पण ती प्रश्न विचारण्याची जागा मुंबईच्या त्या दालनात अजून शिल्लक होती.

स्थानबद्धांच्या बाबतीतही तसेच घडत होते. एकूण नऊ उच्च न्यायालयांनी, मुंबईचे त्यांत होते, बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज ऐकण्याचा आपला अधिकार संपलेला नाही असे ठरविले. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सर्व निर्णय फिरविले. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारच्या वकिलांना विचारले होते, की एखाद्याचा जीव बेकायदा घेतला गेला तरी न्यायालयाला काहीच करता येणार नाही काय; आणि आणीबाणी चालू असेतो नाही, हेच त्याचे उत्तर आले होते. खन्ना एकटे विरोधात राहिले. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश करण्यात आले. बहुमतातल्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते, हे सांगताना मराठी माणसाला क्लेश होतात. 2017 मध्ये त्यांच्याच चिरंजीवांनी लिहिलेल्या निकालपत्राने तो निर्णय चुकीचा ठरविला, हे त्या क्लेशावर उशिरा झालेले औषध आहे.

म्हणून कोणी मला विचारले, की इंदिरा गांधींचे सरकार हुकूमशाही केव्हा झाले, तर 25 जूनच्या रात्रीचे उत्तर मी देत नाही. त्या रात्री त्याने तसे होण्याचा यत्न आरंभिला. 28 एप्रिलला, नाशिकरोडच्या बराकीतल्या माणसाचा अर्ज ऐकणारे देशातले अखेरचे दार बंद झाले, तेव्हा तो यत्न पूर्ण झाला. दरम्यान लोकसभेची मुदत मार्च 1976 मध्ये संपावयाची होती, ती एका वर्षाने आणि मग आणखी एका वर्षाने वाढविण्यात आली, आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पाचाची सहा वर्षे कायमची केली. सरकार निवडलेलेच होते. निवडणाऱ्याने दिलेली मुदत मात्र त्याने स्वतःच्या हाताने खोडून लिहिली.

त्या काळात सामान्य माणसाला काय वाटत होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आगगाड्या वेळेवर येत होत्या, कचेऱ्यांत कारकून जागेवर सापडत होते, संप थांबले होते, सावकारी कर्जापासून गरिबांना सोडविण्याची भाषा रोज कानावर पडत होती; आणि पवनारला मौनात असलेल्या विनोबांनी पाटीवर लिहिलेल्या 'अनुशासन पर्व' या दोन शब्दांचा प्रचारयंत्रणेने मनमुराद उपयोग केला होता, जरी त्यांना अभिप्रेत असलेले अनुशासन आचार्यांचे होते, शासनाचे नव्हे, असा खुलासा नंतर झाला. जेल रोडने येजा करणाऱ्या बहुसंख्यांना आत कोण आहे याची फिकीर नव्हती. याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्याला दोन वेळची भ्रांत आहे त्याला वेळेवर आलेली गाडी ही खरी गोष्ट असते. मी एवढेच म्हणेन, की सोय ही कारभाराची परीक्षा आहे, राज्याच्या शीलाची नव्हे, आणि इंग्रजांच्याही गाड्या वेळेवर धावत होत्या. 

डिसेंबर 1975 मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या वेळचे परराष्ट्रमंत्री, नाशिकने एके काळी बिनविरोध निवडलेले. अध्यक्षस्थानी होत्या दुर्गाबाई भागवत, आणि त्यांनी त्या व्यासपीठावरून आजारी जयप्रकाशांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करविली. 1976 मध्ये त्यांनाही अटक झाली. चव्हाणांसारखा सुसंस्कृत, वाचलेला, लोकांत रमणारा पुरुष त्या मंत्रिमंडळात शेवटपर्यंत राहिला, याचे शल्य महाराष्ट्राच्या मनातून गेलेले नाही. त्यावर कठोर निवाडा देण्यापेक्षा त्यातून एक गोष्ट ओळखावी, असे मला वाटते: माणसे सज्जन आहेत यावरूनही सरकारची पारख होत नाही.

मग 18 जानेवारी 1977 रोजी निवडणुका जाहीर झाल्या, आणि मार्चमध्ये सत्ताधारी पक्ष 352 वरून 154 वर आला. नाशिकने शेतकरी कामगार पक्षाच्या विठ्ठलराव हांडे यांना निवडले, मालेगावने जनता पक्षाच्या हरिभाऊ महाले यांना. 21 मार्चला आणीबाणी उठली. पंतप्रधान हरल्या आणि पायउतार झाल्या. त्यांनी निकाल नाकारला नाही, सैन्याला बोलाविले नाही. येथेच पारख करणाऱ्याची खरी परीक्षा आहे. ज्याने निवडणूक घेतली, हरला आणि गेला, त्याला हुकूमशहा कसे म्हणावे, असे एक पक्ष विचारतो. ज्याने ती घेण्याआधी हजारो विरोधक विनाचौकशी कोंडले, त्याला लोकशाहीवादी कसे म्हणावे, असे दुसरा पक्ष विचारतो. दोघेही एका सरकारला एकच नाव देऊ पाहतात, आणि तेथेच चुकतात. व्यक्तीचे आयुष्य जसे एका विशेषणात मावत नाही तसा राज्याचा कारभारही मावत नाही. तो महिन्यामहिन्याने, हुकमाहुकमाने तपासावा लागतो. 1971 चे ते सरकार लोकशाहीचे होते, 1976 चे नव्हते, आणि मार्च 1977 च्या तिसऱ्या आठवड्यात, जाता जाता, ते पुन्हा लोकशाहीचे झाले.

असा तपास थंड डोक्याने करणे आपल्याला अजून साधलेले नाही. 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने मिसाबंदींना मानधन मंजूर केले, 2020 मध्ये दुसऱ्या पक्षांच्या सरकारने ते बंद केले, 2022 मध्ये तिसऱ्या सरकारने ते पुन्हा सुरू केले; म्हणजे नाशिकरोडच्या बराकीत त्या काळी जे घडले ते चांगले की वाईट, हे मंत्रालयात कोण बसले आहे यावर अवलंबून राहिले. ज्या वृद्धांनी ते दिवस काढले त्यांच्यासमोर हे घडावे, ही गोष्ट मनाला लागते.

आणि दिल्लीचे सोडून आपल्या गावाकडे पाहिले तरी सगळे आलबेल नाही. नाशिकची नगरपालिका 1864 सालची. 7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या पालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, पण तिची पहिली निवडणूक 1992 साली. मधली दहा वर्षे प्रशासकाची. पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, मुदत संपण्याच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असे घटनेतच लिहिले गेले. तरी मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या वर्षांत कोणी तुरुंगात गेले नाही, रस्ते झाडले गेले, नळाला पाणी आले; त्यामुळे आणीबाणीशी याची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल, आणि मी ती करीत नाही. पण प्रभागातल्या गटाराची फिर्याद घेऊन जाणाऱ्या बाईला दाद मागण्यासाठी तिने निवडलेला माणूस नव्हता, हेही तितकेच खरे आहे. आणि मुदत वाढविणे व निवडणूक न घेणे, यांतले अंतर कायद्याला दिसते तेवढे मोठे मला दिसत नाही.

1977 नंतर जे सत्तेवर आले त्यांत अनेक जण आदल्या महिन्यापर्यंत बंदिवान होते, तेव्हा तो चोरदरवाजा ते बुजवितील अशी अपेक्षा स्वाभाविक होती. त्यांनी मिसा रद्द केला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अंतर्गत अशांततेच्या जागी सशस्त्र बंड हे शब्द घातले, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही असे ठरविले. त्याच दुरुस्तीत तिसरे कलम आहे. विनाचौकशी स्थानबद्धतेची, सल्लागार मंडळाच्या मतावाचूनची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणावी आणि त्या मंडळावर उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमणुका व्हाव्यात, एवढेच त्यात म्हटले आहे. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींनी 1979 मध्ये संमती दिली, आणि ते केव्हापासून अमलात आणावयाचे ती तारीख ठरविण्याचे काम केंद्र सरकारवर सोपविले. मोरारजींच्या, स्वतः एकोणीस महिने अटकेत काढलेल्या पंतप्रधानांच्या, सरकारने ती तारीख जाहीर केली नाही. 1980 मध्ये परतलेल्या इंदिरा गांधींनी राष्ट्रीय सुरक्षा कायदा केला, तारीख जाहीर केली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1981 च्या अखेरीस निकाल देताना, तोवर सरन्यायाधीश झालेल्या यशवंतराव चंद्रचूडांनी, सरकारला तसा हुकूम करता येत नाही, असे सांगितले. त्यानंतर दिल्लीत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, प्रत्येकात आणीबाणीचा निषेध करणारे कोणी ना कोणी होते, आणि दर 25 जूनला भाषणे होत राहिली. ती तारीख अजून कोणीही ठरविलेली नाही.